एकतीस गुडघे आणि एक अंगठा

माझ्या प्रबंधात एकतीस गुडघे आहेत.
वय चौदा ते वीस, खो-खो खेळणाऱ्या मुली,
वाटीखालच्या कंडरेत तीन महिन्यांहून जुनं दुखणं.
सतरावा गुडघा सौजन्या गाजुलचा, उजवा,
राहणार विडी घरकुल.
"खांबावर सूर मारून उठताना इथं," म्हणाली,
आणि बोट ठेवलं. दुखणं बोटाएवढंच होतं.

आधीच्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती.
सहा आठवडे ती मैदानाबाहेर बसली.
दुसऱ्यांच्या खो-वर तिचे खांदे हलायचे.
कळ गेली. ती खेळायला उतरली
आणि तिसऱ्या दिवशी कळ परत, जरा जास्तच.

नवं संशोधन उलटं सांगतं:
कंडरेला रिकामं बसवू नका.
भार द्या, सावकाश, वाढवत न्या.
भिंतीला पाठ लावून पंचेचाळीस सेकंद, पाचदा.
दुखू दे थोडं, दहापैकी तीन,
फक्त उद्या सकाळी वाढलेलं नको.
हे मी मे महिन्यात, पत्र्याखाली,
त्रेचाळीस डिग्रीत समजावत होते
आणि पायाला बांधायला वजन नव्हतं.

अंबादास गाजुल रात्रपाळीहून आलेले,
सगळं ऐकलं, काही न बोलता झोपले.
दुसऱ्या दिवशी बंद पडलेल्या मागाच्या भीमाला
अडकवायचं लोखंडी वजन घेऊन आले,
पाच किलो, हुकासकट.
"ताण कमी पडला की सूत गुंततंय,
जास्त झाला की तुटतंय.
मधलं कुठं असतंय ते हातालाच कळतंय, मॅडम."
संदर्भसूचीत मी त्यांचं नाव
कुठल्या वर्षाखाली घालणार होते?

तेरा आठवडे. वहीत कोन, सेकंद, किलो.
आणि दर खेपेला माझ्या पाठीमागं
मांडीवर सूप घेऊन राजम्मा:
पान, जर्दा, एक वळसा, दोरा.
रोज हजार. म्हणजे चाळीस कट्टे.
एकदा मान वर न करताच म्हणाली,
"माझ्या अंगठ्याला पण नोप्पी आहे. बघती का?"
अंगठा मुठीत घ्या म्हटलं,
मनगट करंगळीकडं झुकवा.
झुकवलं, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला
त्याला माझ्या वहीत रकाना नव्हता.

चौतीस वर्षं, रोज हजार.
मी गुणाकार सुरू केला आणि सोडला.
"हाताला जरा आराम द्या."
ती हसली. "पोरीला म्हणती उचल,
मला म्हणती ठेव. शीर ती शीरच ना?"
मी मात्रेबद्दल बोलले,
आमटीतल्या मिठाचं उदाहरण दिलं,
ते मलाच अळणी लागलं.
"मी ठेवते," ती म्हणाली.
"उरलेल्या विड्या कोण वळणार, तुझी वही?"

मनगटाला पट्टा दिला.
तो घातला की पान निसटतं,
वाकडी विडी तपासणीत छाटली जाते.
पट्टा खिळ्याला असतो. रात्री घालते,
आठवलं तर.

शेवटच्या मोजणीला गेले तेव्हा
राजम्मा भिंतीला टेकलेली, दोन्ही तळवे उताणे.
"अडतीस झाले. दोन कट्टे आराम," म्हणाली,
जणू माझ्यावर उपकार.
आणि कोपऱ्यात सौजन्या,
आत्ता कुणी पाठीत खो देईल अशी
चवड्यांवर बसलेली,
समोर सूप, पन्नास पानं.
गुडघे पूर्ण मिटलेले, चेहऱ्यावर कळ नाही.
याच क्षणासाठी मी तेरा आठवडे
कुंभारीच्या रस्त्यानं धूळ खात आले होते.

कोन मी नंतर घेतला.
आधी तिचा अंगठा बघत बसले.
पानावरून फिरत होता, भराभर,
अजून काहीच दुखत नसल्यासारखा.